डाव्या हाताचा बोल्ट

कोटाच्या आतल्या खिशात पोलिसांचा खरेदी परवाना
आणि नऊशे युरो.
त्याहून एक सेंटही जास्त नाही,
हे मी टाइस्तोला दारातच सांगून टाकलं,
म्हणजे नंतर दोघांनाही लाजायला नको.

त्याचं दुकान अर्धं करवतींचं, अर्धं बंदुकींचं,
मधोमध कॉफीची किटली, कायम गरम, कायम कडू.
तो म्हणाला, रायफल कुठलीही घे, आउने,
पंच्याहत्तर मीटरवर सगळ्याच खरं बोलतात.
पैसे दुर्बिणीत घाल.
एल्क निघतो उजाडण्याआधी, नाहीतर मावळताना,
आणि स्वस्त काचेला नेमका तेव्हाच मोतीबिंदू होतो.

त्याने एक पुढे केली. कोरी, काळा प्लास्टिकचा दस्ता,
चारशे ऐंशी.
मी ती डाव्या खांद्याला लावली.
बोल्ट पलीकडे. नाकावरून हात नेऊन ओढायचा.
टाइस्तो थबकला. "तू डावखुरी."
होय. पहिलीच्या बाईंनी दोन वर्षं खटपट केली,
त्यांच्याने झालं नाही.
तेव्हापासून कात्री, डबा फोडायची चावी,
वृद्धाश्रमातली सूप वाढायची पळी, तिची चोचसुद्धा
मी पलीकडूनच ओढत आले आहे.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कळतं मला.
पण अंथरूणच शिवलेलं
उजव्या कुशीवर निजणाऱ्यांच्या मापाचं.

डाव्या हाताची कोरी: सातशे नव्वद.
उरले एकशे दहा.
तेवढ्यात बसणारी दुर्बीण त्याने काउंटरवर ठेवली,
डॉक्टर रिपोर्ट ठेवतात तशी, न बोलता.

दुकान बंदची पाटी फिरवली, दिवा मात्र लावला नाही.
सप्टेंबर संपत आलेला. मी नुसती दुर्बीण घेऊन खिडकीशी गेले.
रस्त्यापलीकडचा बसथांबा राखेचा झालेला,
बाकावर कुणीतरी, की कुणाचं पोतं?
मग त्याने सहाशेची दिली, फक्त बघायला.
पोतं उठून उभं राहिलं.
मिएलिक्की होती, शाळेच्या स्वयंपाकघरातली,
हातमोज्याचं सुटलेलं सूत दातांनी तोडत होती.
मी पटकन दुर्बीण खाली घेतली.
न विचारता कुणाच्या इतकं जवळ जाऊ नये.
पण मोजायचं ते मोजून झालं होतं:
चारशे नव्वद युरोंचा फरक म्हणजे
पोतं आणि मिएलिक्की.

कॉफी प्यायलो. दुसरी प्यायलो.
टाइस्तो मागच्या खोलीत गेला, बराच वेळ गेला,
आणि मेणकापडात गुंडाळलेलं काही घेऊन आला.
उर्हो हेइकुराची. मार्चमध्ये वारला.
आणि हेइकुरा, मला कुठे ठाऊक, डावखुरा होता.
दस्त्यावर चरे, पट्टा उंदरांनी कुरतडलेला,
वर जुनी दुर्बीण: सहा पट म्हणजे सहा पट,
वाढत नाही, कमी होत नाही.
माणसाने तीस वर्षं एकच कोट वापरला,
काच मात्र चांगली घेतली.
मी पुन्हा खिडकीशी गेले. बस येऊन गेली होती.
रिकाम्या बाकाच्या फळ्या मोजल्या:
पाच. मधली चिरलेली.

दोन्ही मिळून सातशे वीस.
घासाघीस केली नाही. मेलेल्याशी काय घासाघीस,
आणि त्याच्या बायकोशी तर नाहीच.
दस्ता मला बोटभर लांब.
काप, म्हटलं, थंडीत कोट जाड असतो.
टाइस्तोने फोन लावला, तुकडा हवा का विचारायला.
ती म्हणाली, मी काय करू त्याचं.
मग जरा थांबून म्हणाली,
दाराशी ठेवून जा, खिडकीला पाचर लागते आहे.

शनिवारी क्लबच्या मैदानावर परीक्षा.
चार गोळ्या, दीड मिनिट.
बोल्ट माझ्या हाताशी आपणहून आला,
कुणी बाकावर सरकून जागा करून द्यावी तसा.
चारही वर्तुळात.
चौथी जराशी डावीकडे गेली.
परीक्षक म्हणाला, दुर्बिणीचा स्क्रू थोडा फिरवायला हवा.
मी मान हलवली,
आणि फिरवला नाही.